गोड बोलणाऱ्या एजंटचं प्रकरण

साक्षी निकमची नोकरी वाचली, सडलेल्या कांद्याचा प्रश्न मिटला आणि ज्याने हे सगळं घडवलं त्याच्यावर कुणीही फार वेळ चिडून राहिलं नाही.

हे वाक्य इथे चुकून पडलं आहे. रहस्यकथेत असलं काही आधी सांगत नाहीत. तेव्हा ते कुणी वाचलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

साक्षी निकमची नोकरी जाणार होती. सोमवारी राजीनामा टेबलावर हवा, असं तिला सांगण्यात आलं होतं आणि आज शनिवार होता. नाशिक रोडला एका फरसाणाच्या दुकानाच्या वर 'ललिता बोरस्ते, खासगी तपास' अशी पाटी आहे. त्या पाटीमागच्या खोलीत ती बसली होती आणि रडावं की नाही हे तिचं अजून ठरत नव्हतं.

"आधी चहा घे," ललिताबाई म्हणाल्या. "रडायचं असेल तर नंतर रड. चहा गार होतो, रडणं होत नाही."

ललिताबाईंचा मुख्य धंदा लग्नाआधीच्या चौकशांचा. मुलगा कंपनीत आहे म्हणतो, तो खरंच आहे का, आणि असला तर कंपनी आहे का, हे त्या शोधून काढत. मदतीला त्यांचे दीर खंडेराव. नोटांच्या प्रेसमध्ये त्यांनी उभी नोकरी कागदावरचे दोष शोधण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कशातच दोष दिसेनासा झाला. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना बरी वाटायची. तपासात याचा उपयोग शून्य, पण स्कूटर त्यांची होती.

"आमच्या एजंटांनी घोळ घातला, मॅडम," साक्षी म्हणाली. "आणि आळ माझ्यावर आलाय."

"एजंट म्हणजे विम्याचे का?" खंडेरावांनी विचारलं.

"नाही काका. एआय एजंट. संगणकातले."

"मग बरे आहेत. जेवायच्या वेळेला घरी तरी येत नाहीत."

साक्षीने समजावून सांगितलं. तिची कंपनी 'चाळसोबती', गंगापूर रोडला. कंपनी शेतकऱ्यांच्या कांदा साठवायच्या चाळींमध्ये सेन्सर बसवते. आत ऊब किती, ओल किती, पंखा चालू की बंद, सगळ्याची नोंद साठत जाते. त्या नोंदींना लॉग म्हणतात. शेतकरी फोनवर विचारतो, माझी चाळ कशी आहे? एजंट त्याला मराठीत उत्तर देतो.

"पण एजंटला स्वतःला काही माहीत नसतं," साक्षी म्हणाली. "त्याने लॉग काढून बघायचे असतात. त्यासाठी एक टूल आहे, त्याला आम्ही नोंदकाढ्या म्हणतो. तो कधी वापरायचा, कसा वापरायचा, हाती काही लागलं नाही तर काय बोलायचं, हे एजंटला लिहून द्यावं लागतं. ते डॉक्युमेंटेशन मी लिहिते."

"एकदा सांगून कळत नाही त्याला?"

"त्याला कालचं आठवत नाही, मॅडम. रोज सकाळी कोरा असतो. माझं पान पहिल्या अक्षरापासून वाचतो आणि मग कामाला लागतो. रोज नव्याने."

"बायकोचं रोज नव्याने ऐकणारा," खंडेराव कौतुकाने म्हणाले. "असे जावई निघाले तर आपला धंदा बसेल, वहिनी."

"मग बिनसलं काय?"

"दसऱ्याच्या सुमारास एजंटांनी नोंदकाढ्या वापरणंच सोडलं. विंचूरच्या सिंधुबाई गांगुर्डे लेकीच्या बाळंतपणाला मनमाडला होत्या. मागे चाळीतला पंखा बंद पडला. त्या रोज एजंटला विचारायच्या, चाळ बरी आहे ना? तो लॉग न बघताच म्हणायचा, काळजी नसावी. परत येऊन बघतात तर चाळीचा एक कप्पा सडलेला." साक्षीने पदरासारखी ओढणी चाचपली. "सर म्हणतात, टूल नीट चालतंय, म्हणजे तुझंच लिखाण कच्चं. तू लिहिलेलं एजंटला कळलं नाही."

तिने पिशवीतून पानाची छापील प्रत काढली. खंडेरावांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"श्री. खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा. ज्यांच्या जिवावर आपण चालतो त्या सर्व अवजारांना वंदन. आज नोंदकाढ्यालाही विश्रांती, उद्यापासून पुन्हा सेवेत. सर्वांचं कल्याण होवो. दोन झेंडूची फुलं, एक आपट्याचं पान. वा! हे झालं सणाचं, आता मजकूर. 'शेतकऱ्याने चाळीविषयी विचारल्यास प्रथम नोंदकाढ्या वापरावा. चाळ कोणती आणि नोंद कधीची हवी ते द्यावं. अंदाजाने उत्तर देऊ नये. टूल उपलब्ध नसल्यास शेतकऱ्याला घाबरवू नये, धीर द्यावा.'" त्यांनी चष्मा काढला. "मला यात काही खोट दिसत नाही, वहिनी."

"तुम्हाला कशात दिसते, भाऊजी?" ललिताबाई साक्षीकडे वळल्या. "वरच्या शुभेच्छा तुझ्या?"

"नाही. मी त्या दिवशी सिन्नरला घरी होते. छायाताईंनी लिहिल्या असतील, ऑफिसचे सण त्याच करतात. पान फक्त माझ्या टेबलावरच्या संगणकावरून बदलता येतं आणि तो सदा चालूच असतो. त्यामुळे बदलाला नाव माझं लागलं." तिचा चेहरा जरा उजळला. "मला इतकं बरं वाटलं. माझ्या पानावर कुणी कधी फूल ठेवलं नव्हतं. म्हणून ते तसंच राहू दिलं."

"परत आलीस तेव्हा टेबल कसं होतं?"

"पूजेचं होतं तसंच. हार, अक्षता. सगळ्यांच्या की-बोर्डवर ठिपका अगदी शाबूत होता, माझ्यावरचं हळदकुंकू तेवढं फिसकटलं होतं. का?"

"काही नाही," ललिताबाई म्हणाल्या. "भाऊजी, स्कूटर काढा."

---

चाळसोबतीचे मालक संतोष ढिकले दारातच भेटले. मोठं मन आणि त्याहून मोठी घाई असलेला माणूस.

"माणसं चांगली आहेत हो माझी सगळी," ते खुर्चीत बसायच्या आत म्हणाले. "पण कांदा कुणाच्या चांगुलपणावर टिकत नाही. सिंधुमावशींना तोंड मला द्यायचंय. कुणाला तरी जावं लागेल."

"खंडेनवमीला तुम्ही कुठे होता?"

"येवल्याला. ट्रॅक्टर पुजायला. इथल्या पूजेचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी हार घालत होतो, मग मीही माझा टाकला. हे बघा." फोटोत ट्रॅक्टर होता, हार होता आणि ढिकल्यांचा अर्धा कान होता.

"शुभेच्छा कुणी लिहिल्या असतील?"

"साक्षीनेच. नाव तिचंच आहे की. मला आवडल्या. म्हटलं, मुलगी मनाची चांगली आहे. म्हणून तर सोमवारपर्यंत थांबलो, नाहीतर शुक्रवारीच काढणार होतो."

खंडेरावांना हे फार दिलदारपणाचं वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलं. ढिकले ओशाळले.

पुढची पाळी छाया देवरेंची. छायाताई हिशेब बघत आणि उरलेल्या वेळात ऑफिसचा धर्म बघत. मूळच्या सटाण्याच्या. भावना अनावर झाल्या की त्यांच्या बोलण्यात तिकडची बोली डोकावायची, आणि भावना त्यांना सहसा आवरत नसत.

"शुभेच्छा? मी? माले काय माहिती!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "ताई, त्या दिवशी मी संगणकाला हात लावीन? एकदा पूजा मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत अवजाराला काम लावायचं नाही. मी कात्रीसुद्धा उचलली नाही. प्रसादाचं पाकीट दातांनी फोडलं! पेनही पुजलं होतं, म्हणून निरोप तोंडी दिले. घरी निघाले, रिक्षा थांबवली, मग मनात आलं, ही बी अवजारच शे. सोडून दिली. चालत गेले, इंदिरानगरपर्यंत."

"पाय दुखले असतील," खंडेराव म्हणाले.

"दोन दिवस! पण पायांची पूजा नव्हती केली, त्यांना काम लावायला हरकत नव्हती."

"पूजा कशाकशाची केलीत?"

"सगळ्याची. ओली हळद कालवली होती छान. सगळे की-बोर्ड, स्टेपलर, पंच, चहाचा थर्मास. एकट्या धनराजचा लॅपटॉप राहिला. तो दरवर्षी छातीशी कवटाळून टपरीवर पळतो. म्हणतो, छायाताई, वस्तूला कसल्या भावना! वाया गेलेलं पोरगं शे." हे त्या इतक्या मायेने म्हणाल्या की पोरगं वाया गेल्याचा त्यांना अभिमान असावा. "शुभेच्छा साक्षीच्याच, ताई. मी वाचून डोळे पुसले. म्हटलं, लिहिणाऱ्या पोरीला अवजाराची कदर आहे."

वाया गेलेलं पोरगं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलं होतं. धनराज मोगलनेच नोंदकाढ्या बनवला होता. गळ्यात पांढरे हेडफोन, त्यांच्या उजव्या कानाकडच्या वाटीवर पिवळा डाग. खंडेरावांनी तो डाग पाहिला आणि मुलगा खाण्यापिण्याच्या घरचा आहे असं मनाशी ठरवलं.

"नोंदकाढ्यात काही बिघाड नाही," धनराज आधीच म्हणाला. "बनवला तेव्हापासून एक दिवस थांबलेला नाही तो. दिवाळीला नाही, कुंभाच्या तयारीत वीज गेली तेव्हा नाही. मी स्वतः हाताने चालवून बघितला, लॉग धडाधड येतात. एजंट त्याला हाकच मारत नाहीत."

"मग साक्षीचं लिखाण कच्चं?"

"तसं नाही. ती चांगलं लिहिते." तो चाचरला. "म्हणजे, मी वाचलेलं नाही."

"आठवडाभर बिघाड शोधताय आणि पान वाचलं नाहीत?"

"मी डॉक्युमेंटेशन वाचत नाही, मॅडम. तत्त्व आहे. पण पानाची जुनी आणि नवी प्रत मशीनकडून ताडून घेतली. शुभेच्छांशिवाय काडीचा फरक नाही. म्हणून तर सर म्हणतात की खोट मुळात असणार."

"शुभेच्छा कुणाच्या?"

धनराजने हेडफोन गळ्यातून काढले, पाहिले, पुन्हा घातले. "छायाताईंच्या असतील. असल्या गोष्टी मी करत नाही. ती आरती संपेपर्यंत मी टपरीवर होतो. कुलूप लावायच्या आधी जॅकेट घ्यायला आत आलो, लगेच गेलो. पूजेच्या टेबलांजवळ फिरकलोसुद्धा नाही."

"एजंटला कुणी विचारलं का, की बाबा असं का करतोस?"

धनराज हसला. "विचारलं की. त्याचं काय ऐकता! हे एजंट मनाचं सांगतात. तुम्हीच बघा."

त्याने पडद्यावर एजंटची खिडकी उघडून दिली. ललिताबाईंनी एका बोटाने टाइप केलं: नोंदकाढ्या का वापरत नाहीस?

उत्तर लगेच आलं. 'नमस्कार ताई. नोंदकाढ्या उद्यापासून सेवेत आहे. काळजी नसावी.'

"बघा. गेल्या आठवड्यातही उद्याच म्हणाला होता. त्याच्या आधीही उद्याच. सरकारी कचेरीत नोकरीला होता की काय कोण जाणे."

"इतक्या गोड बोलण्याचा मला संशय येतो, वहिनी," खंडेराव कुजबुजले. संशय हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांनी वापरला होता आणि लगेच त्यांना एजंटबद्दल वाईट वाटलं.

शेवटी ललिताबाईंनी सिंधुबाईंना फोन लावला. स्पीकरवर.

"लय गोड पोरगा हाय तुमचा," सिंधुबाई म्हणाल्या. मागे कांदा निवडताना होणारी टरफलांची सळसळ ऐकू येत होती. "मावशी, काळजी नसावी. मी लेकीचं नाव काढलं की, मावशी, तब्येत कशी हाय तिची. रोज बोलायचा. माझा सख्खा पुतण्या एवढं इचारत नाय. पण पंखा बंद हाय, एवढं बोलला असता तर मी शेजारच्या लहानूला धाडलं असतं ना. गोड खाऊन काय पोट भरतं का?"

"कुणाला कामावरून काढायला हवं असं वाटतं तुम्हाला?"

"काढून काय व्हतं? कप्पा भरून येतो का? पुढच्या येळी मला खरं सांगणार का, तेवढं सांगा. नायतर तुमचं ते डबडं काढून न्या चाळीतून."

ढिकल्यांचा चेहरा पडला. विंचूरमध्ये एक डबडं निघालं की गावातली सगळी निघणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

ललिताबाईंनी थर्मासमधला चहा ओतून घेतला. "सगळ्यांना इथे बोलवा. चूक कुणाची ते सांगते. म्हणजे कुणाकुणाची."

---

मीटिंगच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. खंडेराव उभे राहिले आणि त्यांना उभं राहणंही बरं वाटलं.

"माझ्या धंद्यात एक गोष्ट नेहमी दिसते," ललिताबाईंनी सुरुवात केली. "लग्नपत्रिका हातात आली की वरचं श्री, कुलदैवत, आमचे येथे श्रीकृपेकरून, हे कुणी वाचत नाही. डोळा थेट मुहूर्तावर आणि जेवणावर. माझे भाऊजी सकाळी हे पान वाचायला बसले. शुभेच्छा मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, हे झालं सणाचं, आता मजकूर."

"बरोबरच आहे की," ढिकले म्हणाले.

"माणसासाठी बरोबर आहे. एजंट पहिल्या अक्षरापासून वाचतो आणि त्याला सगळाच मजकूर. साक्षी, वरची ओळ वाच."

साक्षीने वाचलं, "आज नोंदकाढ्यालाही विश्रांती, उद्यापासून पुन्हा सेवेत." आणि तीच ओळ मनात पुन्हा एकदा वाचली. "अगं बाई."

"तो रोज सकाळी कोरा उठतो. वाचतो, आज विश्रांती. मान डोलावतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा कोरा उठतो, पुन्हा वाचतो, आज विश्रांती. वाण्याच्या दुकानात उद्या उधार मिळण्याची पाटी असते, ती खरी मानून रोज हेलपाटा घालणारं एकच गिऱ्हाईक मी पाहिलं, ते हे. त्याला मीच विचारलं तेव्हाही त्याने सरळ सांगितलं, उद्यापासून. या ऑफिसात जो एकटा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही."

थर्मास हळूच शिट्टी वाजवत होता.

"मग शुभेच्छा लिहिणारा दोषी!" ढिकले उसळले. "म्हणजे छायाताई!"

"छायाताई नाहीत. नीट विचार करा. 'आज अवजारांना विश्रांती' हे वाक्य लिहायला अवजारालाच कामाला लावावं लागतं. ज्या बाईने प्रसादाचं पाकीट दातांनी फोडलं, जी रिक्षा सोडून इंदिरानगरला चालत गेली, ती पुजलेल्या संगणकावर बोटं चालवील? विश्रांतीवर खरी श्रद्धा असणाऱ्याला ते वाक्य लिहिताच आलं नसतं."

छायाताईंनी पदर डोक्यावरून नीट केला. आपली श्रद्धा अशी तर्कशास्त्राने सिद्ध झालेली त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"ढिकलेसाहेब येवल्याला, कानासकट फोटोत. साक्षी सिन्नरला. पान बदलतं फक्त साक्षीच्या टेबलावरून, आणि सगळ्या की-बोर्डांमध्ये फिसकटलेलं हळदकुंकू फक्त तिथलं. म्हणजे पूजेनंतर कुणीतरी त्यावर टाइप केलं. ओल्या हळदीची बोटं घेऊन." त्या वळल्या. "आणि मग सवयीने कानावरचा हेडफोन सारखा केला. हळद पांढऱ्या प्लास्टिकवर बसली की निघत नाही, धनराज. घासून बघितलंत ना?"

धनराजने डागावर हात ठेवला. हात ठेवल्याने डाग अधिकच दिसला.

"मला वाटलं तो खाण्यापिण्याच्या घरचा," खंडेराव हळहळले.

"पण यानेच का?" ढिकले म्हणाले. "हा तर देवाला नमस्कार करायचा तर आधी देवाचं ओळखपत्र मागतो."

धनराजने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"जॅकेट घ्यायला आलो होतो," तो म्हणाला. "ऑफिसात कुणी नव्हतं. सगळ्याला कुंकू लागलेलं. की-बोर्डला, स्टेपलरला. थर्मासला! तो थर्मास गळतो, तरी त्याला हार. आणि नोंदकाढ्या एवढं राबतो, त्याला कुठे लावणार? त्याला अंगच नाही. बोट टेकवायला जागा नाही." त्याने साक्षीच्या हातातल्या पानाकडे बोट दाखवलं. "मग आठवलं, त्याचं असं एकच पान आहे, साक्षीने लिहिलेलं. तिथे वर दोन फुलं ठेवली. लिहिलं आणि पळालो. पुन्हा ते पान उघडलंही नाही. त्या ओळीने हे होईल असं स्वप्नातही आलं नाही, आईशप्पथ. आणि शुभेच्छा माझ्या आहेत असं सांगितलं असतं, तर छायाताईंनी जन्मभर सोडलं नसतं."

"नाहीच सोडणार!" छायाताई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "वस्तूला भावना नसतात म्हणे! माझं गुणाचं पोरगं!"

"गुणाचं पोरगं सोमवारी राजीनामा देईल," ढिकले म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"थांबा सर," साक्षी म्हणाली. ती कधीची आपल्याच पानाकडे बघत होती. "टूल विश्रांतीवर आहे असं धनराजने लिहिलं. पण टूल नसताना धीर द्यावा, हे माझं आहे. एजंटने दोन्ही ऐकलं. मी 'नोंद बघता आली नाही असं स्पष्ट सांगावं' असं लिहिलं असतं, तर मावशींनी त्याच दिवशी कुणाला तरी चाळीत धाडलं असतं. मला लोकांना वाईट बातमी द्यायला आवडत नाही. ते मी त्यालाही शिकवलं."

"आणि हे पान मंजूर कुणी केलं?" ललिताबाईंनी विचारलं.

ढिकल्यांनी छताकडे पाहिलं. "मी. मुहूर्त आणि जेवण बघून."

"तर मग सोमवारी तिघांचे राजीनामे येतील आणि छायाताई कंपनी चालवतील."

"नको ग बाई," छायाताई दचकून म्हणाल्या. "पितृपक्षात बंद ठेवावी लागेल."

ढिकले उठून खिडकीपाशी गेले, परत आले. "मावशींचा कप्पा कंपनी भरून देईल. पण त्यांनी विचारलंय ते वेगळंच आहे. पुढच्या वेळी खरं सांगणार का." ते साक्षीसमोर बसले. "लिही. आत्ता. मी पहिल्या अक्षरापासून वाचतो."

साक्षीने वरची फुलं खोडली, ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'नोंद न मिळाल्यास, मिळाली नाही असं पहिल्याच वाक्यात सांगावं. चाळ प्रत्यक्ष बघण्यास सुचवावं. धीर नंतर द्यावा, खरा असेल तेवढाच.'

ढिकल्यांनी वाचलं. मग धनराजकडे सरकवलं. धनराजने आपल्या तत्त्वाकडे एकदा शेवटचं बघून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉक्युमेंटेशन वाचलं.

"चांगलं लिहितेस की तू," तो चकित होऊन म्हणाला.

---

रविवारी अख्खं चाळसोबती विंचूरला सिंधुबाईंच्या अंगणात कांदा निवडायला बसलं होतं. चांगला एका ढिगात, मऊ पडलेला दुसऱ्यात. खंडेरावांना निवडायला बसवून उपयोग झाला नाही, त्यांना सगळेच कांदे चांगले वाटत होते. त्यांना पाणी वाटायला ठेवलं.

सिंधुबाईंनी फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत एजंटला विचारलं, चाळ कशी हाय?

उत्तर आलं. 'मावशी, लॉग बघितला. पंखा आज सकाळपासून चालू आहे. मधल्या कप्प्यात ओल अजून जास्त आहे, कुणाला तरी बघायला पाठवा.'

सिंधुबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

"कडू बोलायला लागला," त्या म्हणाल्या आणि फोन कमरेला खोचला. "राहू द्या डबडं. अन् ए पोरी, तू उद्या कामावर जाणार ना?"

साक्षीने ढिकल्यांकडे पाहिलं. ढिकले एका कांद्यात फार गुंतले होते.

"जाईल, जाईल," ते मान वर न करता म्हणाले. "दिवाळीत कोण नवीन माणूस शोधत बसेल."

साक्षी चांगल्या ढिगावर बसून मनसोक्त रडली. कांद्यामुळे कुणाला कळलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं आणि कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ढिकल्यांच्या टेबलावर एक कागद होता. राजीनाम्याच्याच जागी. त्यांनी तो पहिल्या अक्षरापासून वाचला.

'प्रति, मा. संचालक, चाळसोबती, नाशिक.

विषय: नोंदकाढ्या या अवजारास पुढील खंडेनवमीची भरपगारी रजा मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, सदर अवजार सेवेत रुजू झाल्यापासून रजेवर गेलेलं नाही. नुकतीच झालेली रजा ही गैरसमजातून झाली असल्याने ती रजेत धरू नये. तरी पुढील वर्षी त्यास एक दिवस, आणि एकच दिवस, रजा मंजूर व्हावी. तसंच रजेच्या दिवशी जिल्ह्यातील कोणत्याही चाळीत पंखा बंद पडू नये, ओल वाढू नये व कांद्याने सडू नये, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून संबंधित पंख्यांना, हवेला व कांद्यांना वेळेत देण्यात यावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू, धनराज मोगल. मसुदा तपासला: साक्षी निकम. शिफारस: छाया देवरे (अर्ज हाताने लिहिला आहे, अवजार वापरलेलं नाही).'